सर, घरी सांगू नका

साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या कुठल्याही हायस्कूलमध्ये नववी-दहावीच्या वर्गाला विचारा, पुढच्या शिक्षणाबद्दल मार्गदर्शन हवंय का? सगळे हात वर जातात. मग विचारा, मनात काही सलत असेल तर शाळेत कुणाला सांगाल? वर्ग गप्प होतो. मागच्या बाकावरून कुणीतरी हसतं, मुली वहीत डोकं घालतात. शाळेतल्या समुपदेशनाकडे मुलं कशी बघतात याचा आढावा घ्यायचा, तर या दोन उत्तरांमध्ये एवढी तफावत का, तिथून सुरुवात करावी लागते. अनेक मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यातून निष्कर्ष काढतात की मुलांना समुपदेशन नकोच असतं. तो चुकीचा आहे. ज्यांच्या हातात आपले गुण आहेत आणि ज्यांची आपल्या घरी ऊठबस आहे, त्यांच्यापुढे मन मोकळं करणं मुलांना नको असतं.

आधी त्यांना काय हवंय ते पाहू. डिसेंबर-जानेवारीत हायस्कुलांमधून ‘दहावीनंतर पुढे काय?’ अशी शिबिरं होतात. सभागृहात सतरंजी, मागे फलक, प्रोजेक्टरवर अभ्यासक्रमांचा तक्ता, पाहुण्यांचं दीड-दोन तासांचं भाषण. मुलं मन लावून ऐकतात, लिहून घेतात. शेवटी ‘कुणाला काही शंका?’ असं विचारलं की एकही हात वर होत नाही. खरे प्रश्न येतात ते पाहुणे पायऱ्यांवर बूट घालत असताना. ‘सर, डिप्लोमा केला तर बारावीची गरज नाही ना?’ ‘आयटीआय करून रेल्वेत घेतात का?’ ‘अग्निवीरला उंची किती लागते?’ ‘मॅडम, नर्सिंगला सायन्सच घ्यावं लागतं का? आमच्या गावात फक्त आर्ट्स आहे.’ त्या पाच मिनिटांत होतं तेच खरं मार्गदर्शन, कारण तिथे मूल स्वतःबद्दल बोलतं. पण तेवढ्यात गाडी आलेली असते.

हे प्रश्न या मातीतले आहेत. देशातलं पहिलं सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झालं. त्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि आजही ते गाव अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं. खटाव-माणकडच्या पोराच्या डोळ्यांसमोर वर्दी असते ती उगाच नाही. पहाटे मैदानावर धावणारी, भरतीच्या अकॅडमीत नाव घातलेली मुलं दोन्ही जिल्ह्यांत जागोजाग दिसतात. खानापूर-आटपाडीकडे गलाईचा धंदा आहे. सोनं-चांदी गाळायच्या दुकानांपायी तिकडची कुटुंबं देशभर पांगली आहेत, आणि दहावी झालेल्या पोराला मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानाची वाट तयार असते. पाटण-जावळीतल्या कित्येक घरांत वडील नवी मुंबईच्या बाजारात माथाडी आणि आई-आजी गावाकडे. जतच्या पूर्व भागात घरची भाषा कन्नड आणि पुस्तकाची मराठी. कराड-सांगलीच्या शिकल्या-सवरल्या घरात मात्र आठवीपासूनच लातूर की कोटा, नीट की जेईई, याची चर्चा. या सगळ्यांना एकच तक्ता दाखवून भागत नाही, हे मुलांना आपल्याआधी कळलेलं असतं.

शासनाने यासाठी एक मोठा प्रयत्न केला. २०१६ मध्ये राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने दहावीच्या सगळ्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा, अशा सात क्षेत्रांत मुलाची आवड कुठे आहे हे त्यातून कळायचं. पुढे तिला अभिक्षमतेची जोड मिळाली. करोनाच्या वर्षांत ती थांबली. २०२० मध्ये युनिसेफच्या सहकार्याने महाकरिअर पोर्टल आलं आणि शेकडो व्यवसायांची माहिती मराठीत उपलब्ध झाली. हे काम चांगलं होतं हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. गावातल्या मुलीला तिचं नाव छापलेला कागद मिळाला आणि त्यावर तिच्या आवडीचा उल्लेख होता, असं तिच्या घरात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

अडचण त्याच्या पुढे होती. कागद घेऊन जायचं कुणाकडे? अहवालात ललित कला आली आणि घरी शेती व दोन बहिणींची लग्नं, तर त्या मुलाने त्या कागदाचं काय करायचं? चाचणी माहिती देते. ती माहिती त्या घराच्या, त्या गावाच्या, एसटीच्या वेळापत्रकाच्या आणि वडिलांच्या कर्जाच्या हिशेबात बसवून देणारा माणूस वेगळा लागतो. काही शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं, त्यांतल्या काहींनी जीव ओतून काम केलं. पण बहुतेक मुलांसाठी अहवाल ही दहावीच्या कागदपत्रांतली आणखी एक प्रत ठरली. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, एकाच अर्जात दहा महाविद्यालयांपर्यंत पसंती देता येऊ लागली. तेव्हा तालुक्याच्या गावात अर्ज भरायला मुलं गेली नेट कॅफेत. शाखा कुठली, पहिली पसंती कुठली, याचा सल्ला तिथला अर्ज भरून देणारा तरुण देत होता. त्याचा काही दोष नाही. समोर बसून प्रश्न ऐकणारा तोच एक होता.

या विषयावर कागदांची कमतरता कधीच नव्हती. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची सोय हवी असं सांगितलं. १९५४ मध्ये दिल्लीत शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाचा केंद्रीय विभाग निघाला. मुंबई राज्यातही त्याच दशकात सरकारी व्यवसाय मार्गदर्शनाचं काम सुरू झालं. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात त्याहून नेमकी गोष्ट मांडली. प्रत्येक शाळेला समुपदेशक देणं लगेच जमणार नाही, तर निदान दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक द्या. साठ वर्षं होत आली. अनुदानित हायस्कूलच्या संचमान्यतेत मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई यांचा हिशेब असतो. समुपदेशकाचं पद त्यात नसतं. सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक ठेवावा लागतो, म्हणून शहरातल्या महागड्या शाळेत तो सापडतो. एकाच तालुक्यातल्या दोन मुलांपैकी ज्याच्या घरी मुळात आधार जास्त, त्यालाच शाळेतही आधार मिळतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो. पूर्वी कुठे होते समुपदेशक? गुरुजीच सगळं करायचे. हा आक्षेप साताऱ्यात तरी हलक्यात घेता येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत होती. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. त्या घरात मुलाला काय होतंय हे विचारावं लागत नव्हतं, कारण सांभाळणारी माणसं त्याच छपराखाली झोपत होती. ते मार्गदर्शन सहवासातून येत होतं. आजचे सर सातारा किंवा कराडहून मोटारसायकलवर येतात, साठ-सत्तर पोरांचा वर्ग घेतात, ऑनलाइन माहिती भरतात, निवडणुकीची कामं करतात आणि पाचच्या ठोक्याला निघतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सहवास गेला, आणि त्याच्या जागी एक शासन निर्णय व चार दिवसांचं प्रशिक्षण ठेवून आपण म्हणतोय की गुरुजी आहेतच की.

आता त्या गप्प झालेल्या वर्गाकडे. मुलं का बोलत नाहीत?

पहिलं कारण सरळ आहे. ज्या शिक्षकाकडे समुपदेशनाचं जादा काम आहे, त्याच्याच हातात तोंडी परीक्षेचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आहेत. सकाळी ज्यांनी गृहपाठ केला नाही म्हणून उभं केलं, त्यांनाच दुपारी जाऊन अभ्यास होत नाही म्हणून रडू येतं असं सांगायचं, हे पंधरा वर्षांच्या मुलाला जमत नाही. मोठ्यांनाही जमलं नसतं.

दुसरं कारण गावाचं आहे. शहरात समुपदेशक परका असतो, आणि ते परकेपण उपयोगी पडतं. गावात सर म्हणजे वडिलांचे वर्गमित्र, सोसायटीच्या निवडणुकीतले कार्यकर्ते किंवा आत्याच्या सासरचे. स्टँडवर चहा पिता पिता ‘तुमचं पोरगं जरा गप्प गप्प असतं हल्ली’ असं ते काळजीपोटीच बोलतात. पण संध्याकाळी घरी त्याचा जाब त्या पोराला द्यावा लागतो. म्हणून ‘सर, घरी सांगू नका’ हे वाक्य मुलं आधी बोलतात आणि खरी गोष्ट नंतर. ती खात्री मिळाली नाही, तर गोष्ट पोटातच राहते.

तक्रारपेटीचं उदाहरण घ्या. शासनाने ती शाळांना सक्तीची केली आणि बहुतेक ठिकाणी ती लागलीही. पण लागली कुठे? मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, शिपायाच्या स्टुलावर, जिथून स्टाफरूम आणि व्हरांडा दोन्ही दिसतात. त्या पेटीत चिठ्ठी टाकणारी मुलगी शंभर डोळ्यांसमोरून जाते. पेटी रिकामी निघते आणि अहवालात लिहिलं जातं, तक्रार निरंक.

मुलींच्या गप्प राहण्यामागे आणखी एक हिशेब असतो, आणि तो मोठ्यांनी नीट ऐकावा. एसटीत किंवा रस्त्यावर कुणी त्रास देत असेल आणि ते शाळेत सांगितलं, तर गोष्ट घरी जाते. घरी गेली की त्या मुलाचं काय व्हायचं ते होवो, हिची शाळा बंद होऊ शकते. ‘झालं एवढं शिक्षण बास’ आणि लगेच स्थळं बघणं. तेव्हा त्रास सोसून शाळा टिकवायची, असं ती ठरवते. तिचं मौन हा घाबरटपणा नाही. आपल्याला काय किंमत मोजावी लागेल याचा तिने पूर्ण विचार केलेला असतो. याच सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने ‘नकुशा’ (नकोशी) नावाच्या पावणेतीनशेहून अधिक मुलींची नावं समारंभाने बदलली. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली साताऱ्यात ८९५ आणि सांगलीत ८६७ होत्या. रोज हजेरीत ‘नकुशा’ ऐकत वाढलेली मुलगी शाळेकडून कसला आधार मागेल, आणि कुणाकडे? असलं ओझं कुठल्या कल चाचणीत उतरत नाही.

मुलग्यांचं वेगळं. तालमीची, भरतीची, मिशीला पीळ देण्याची संस्कृती इथे रुजलेली आहे आणि तिच्यात चांगलंही पुष्कळ आहे. पण तिच्यात रडायला जागा नाही. मॅडमनी बोलावलंय म्हटलं की मधल्या सुट्टीत चिडवणं सुरू होतं. मानसिक त्रास म्हणजे डोक्यावर परिणाम, ही समजूत अजून गेलेली नाही. मदत मागण्याच्या बाबतीत मुली थोड्या मोकळ्या आणि मुलगे मागे, असं जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. इथेही तसंच आहे. फरक इतकाच, की इथल्या मुलींची बोलायची तयारी असूनही त्यांना जागा नाही.

मुलांचं ऐकणारं माणूस नाही, हे पुराच्या वर्षांतही दिसलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटून माणसं गेली. २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. महाराष्ट्राने वह्या, दप्तरं, गणवेश भरभरून पाठवले. पाऊस जोरात लागला की झोप न येणाऱ्या मुलांशी बसून बोलणारी माणसं त्या मानाने फार थोडी आली.

मग काय केलं तर मुलं बोलतात? याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. गोव्यातल्या संगाथ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. काही शाळांत त्यासाठी बाहेरून प्रशिक्षित माणूस नेमला. तो मानसशास्त्रातला मोठा तज्ज्ञ नव्हता, साधा पदवीधर, पण काम फक्त हेच. काही शाळांत तेच काम शाळेतल्याच शिक्षकाला दिलं. उरलेल्या शाळा तुलनेसाठी. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. जिथे स्वतंत्र माणूस होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं, दादागिरी आणि मारामारी कमी झाली. जिथे शिक्षकाला हे जादा काम दिलं होतं, तिथे काहीच न केलेल्या शाळांपेक्षा फरक पडला नाही. त्या प्रयोगातही मुलांना चिठ्ठी टाकायला पेटी होती, आणि तिच्यातल्या प्रश्नांवर पुढे काहीतरी होतं हे मुलांना दिसत होतं.

त्याच संस्थेने दिल्लीच्या सरकारी शाळांत आणखी एक साधी गोष्ट तपासली. समुपदेशक आहेत असा नुसता फलक लावण्याऐवजी समुपदेशकांनी प्रत्येक वर्गात जाऊन आपण कोण, काय करतो, कशासाठी यायचं, हे मुलांना समजावलं. त्या वर्गांतून मदत मागणाऱ्या मुलांची संख्या कितीतरी वाढली. आजार, विकार असले शब्द न वापरता अभ्यासाचं, मैत्रीचं, घरचं टेन्शन असं म्हटलं की मुलं स्वतःला त्यात ओळखतात. समुपदेशकाच्या दाराला लागलेला कलंक एका तासाच्या मोकळ्या बोलण्याने बराच पुसला जातो, हे आपल्याच देशातल्या सरकारी शाळांनी दाखवून दिलंय.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. साताऱ्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर आणि परिवर्तन संस्था व्यसनमुक्ती व मानसिक आरोग्याचं काम वर्षानुवर्षं करत आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामातून ‘मानसमित्र’ ही कल्पना पुढे आली, म्हणजे साध्या कार्यकर्त्याला मानसिक प्रथमोपचार शिकवणं. मिरजेला मोठं वैद्यकीय महाविद्यालय आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चाइल्डलाइनचा १०९८ त्याच्या कितीतरी आधीपासून. दहावी-बारावीच्या परीक्षांत राज्य मंडळ दरवर्षी समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. पण आठवी-नववीतल्या मुलाकडे स्वतःचा फोन नसतो, रुग्णालयात एकट्याने जायची सोय नसते, आणि परीक्षेच्या महिनाभर आधी पेपरात छापलेला नंबर वर्षभराच्या घुसमटीला पुरत नाही. मूल रोज जातं ते शाळेतच. सगळ्या वाटा तिथून निघायला हव्यात.

हे तातडीचं का आहे, तेही बोललं पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातले. आदल्या वर्षीही आपलं राज्यच सर्वांत पुढे होतं, तेव्हा आकडा १,८३४ होता. जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात नीटच्या सराव परीक्षेत कमी गुण पडले म्हणून वडिलांच्या मारहाणीत बारावीतल्या एका मुलीचा जीव गेला. समुपदेशन हवं ते मुलांइतकंच पालकांनाही, हे त्या बातमीने सांगितलं. पुढच्याच महिन्यात, २५ जुलै २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. आता हा चांगुलपणाचा प्रश्न उरलेला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. शिक्षकालाच समुपदेशक करण्याचा मार्ग सोडून द्यावा. शिक्षकाने ओळखावं, आस्थेने विचारावं आणि पुढे पाठवावं, एवढंच त्याच्याकडून मागावं. ऐकणारा माणूस वेगळा असावा. न्यायालय प्रत्येक शाळेचं म्हणतंय, तिथे पोचायला वेळ लागत असेल तर कोठारी आयोगाच्या दहा शाळांमागे एक या हिशेबाने दोन्ही जिल्हा परिषदांनी आणि मोठ्या संस्थांनी सुरुवात करावी. रयतसारख्या संस्थेच्या शाळा एकेका तालुक्यात इतक्या आहेत की एक समुपदेशक आठवड्याच्या ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत येऊ शकतो. त्याची खोली स्टाफरूमपासून लांब, ग्रंथालयाशेजारी असावी, म्हणजे कोण कशाला चाललंय हे कुणाला कळत नाही. त्याने दहावीनंतरच्या वाटाही सांगाव्यात आणि मनातलंही ऐकावं. करिअरच्या निमित्ताने दार उघडणारं मूल तिसऱ्या भेटीत घरचं बोलू लागतं. दोन कामं दोघांकडे दिली, तर दुसऱ्या दारी कुणी जाणार नाही. आणि पहिल्याच दिवशी त्याने वर्गात सांगावं की तुम्ही बोललेलं माझ्यापाशीच राहील, पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल तर मला कळवावंच लागेल, आणि तेही तुम्हाला सांगूनच कळवेन. मर्यादा आधी सांगितली तर मुलं फसवणूक मानत नाहीत.

पालकांना एक विनंती. येत्या जूनमध्ये शिक्षक-पालक संघाची पहिली सभा होईल. तिथे फी, गणवेश आणि सराव परीक्षांआधी उभं राहून विचारा की आपल्या शाळेचा समुपदेशक कोण, तो कुठल्या वारी येतो, कुठे बसतो, आणि माझ्या मुलाने त्याला सांगितलेलं कुणाकुणाला कळतं. चारही प्रश्नांची उत्तरं सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.